साडेचार अँपिअर

केयोनला ओहोटी मोठी.
'पोर्फियादा' चिखलात कुशीवर कलते
(नावाचा अर्थ हट्टी, आणि आहेच)
तेवढ्या सहा तासांत
काय करायचं ते करून घ्यायचं.

सहा जुने दिवे, सत्तर-सत्तर वॅटचे हॅलोजन,
काचा आतून पिवळ्या पडलेल्या.
एकात एक पतंग, कधीचा कोण जाणे,
पंख शाबूत.
बोल्ट हलेनात. तेल पाजलं, शेकलं,
रोसामेलने तीन संतांची नावं घेतली
आणि चौथ्याला शिवी हासडली, तेव्हा कुठे एक फिरला.
वायर सोलली तर आत तांबं नव्हतं,
हिरवी भुकटी होती.
"एवढी वर्षं हे जळत कशावर होतं रे, फ्लाको?"
मी म्हटलं, सवयीवर.

ह्या दिव्यांवर आम्ही हातमोजे वाळवलेत.
शिंपल्यांच्या दोऱ्या ओढून बोटं बधिर झाली
की पाठ दिव्याला लावून उभं राहायचं.
लोकर जळल्याचा वास आला
की समजायचं, ऊब पोचली.
नवा दिवा हाताला गार.
तारा उलट्या लागल्या तर गप्प बसतो.
जुन्याला उजवं-डावं नव्हतं,
कसंही जोडा, तापायचा.

रात्री भरतीने आम्हाला उचललं.
खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बटण दाबलं.
काटा पूर्वी अठरावर जाऊन थरथरायचा,
आज साडेचारवर थांबला.
रोसामेलने मीटरला टिचकी मारली.
तरी साडेचार.
मग त्याने इंजिन बंद केलं.

एकोणीस वर्षांत दिवे चालू ठेवून
आम्ही इंजिन बंद केलं नव्हतं. बॅटरी बसायची.

आधी पाणी ऐकू आलं, फळ्यांखालून जाणारं.
मग खडकावरच्या समुद्रसिंहांची कुरकुर.
मग बादलीची कडी कुठेतरी किणकिणली.
मग त्याचा खोकला.

नवा नसणार. इंजिनाच्या पोटात
रोज जिरत असणार.
आणि त्या पांढऱ्या उजेडात
खिळ्याभोवतीचा गंज दिसत होता,
खवला न् खवला दिसत होता,
तसा रुमालही दिसला.
त्याने तो मुठीत घेतला.
पिवळ्या दिव्याखाली
सगळेच डाग एका रंगाचे होते.

आठ वाजता रेडिओवर उबेरलिंदा येते,
त्याची बहीण, काइलिन बेटावरून.
वारा, शिंपल्यांचा भाव, कोणाची गाय व्याली,
आणि शेवटी, जेवलास का.
आज तिच्या जागी नुसती फोडणी तडतडत होती.
दिवे लावले की खरखर,
घालवले की बहीण.
घालवले.

अंधारात ती म्हणाली, "कोण खोकतंय?"
"कोणी नाही. नवे दिवे बसवलेत,
त्यांची खरखर आहे."

दिवे बंद होते.
आणि ती खरखर तशीही
आमच्याच बाजूला ऐकू येते,
पण हे तिला कोण सांगणार.
"मग नीट करून घे," ती म्हणाली. "फ्लाकोला सांग."

फ्लाकोला इलाज ठाऊक आहे.
फेराइटचे मणी, डबीसारखे उघडतात,
वायरीवर टक् करून मिटतात.
बारा लागतील. पुएर्तो मोंतहून मागवले,
मंगळवारी आले.
कोटाच्या खिशात आहेत.
चालताना एकमेकांवर आपटतात.

ती रोज विचारते, झाले का दिवे?
तो म्हणतो, सामान यायचंय.
तेव्हा माझ्याकडे बघत नाही.
मीही काळोखात उभा असतो,
खिशातल्या खिशात एक मणी उघडतो,
मिटतो.

काल ती बोलता बोलता थांबली.
"आणि आता हा कसला आवाज?"